दोन तास चाळीस मिनिटं

गाडी घसरत आपल्या अंगावर येतेय हे ज्योत्स्नाला कळलं, तेव्हा तिच्या हातात फावडं होतं आणि डोक्यात राग आधीपासूनच होता.

सप्टेंबरचा पाऊस नुसता कोसळत होता. जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या चौपदरी रस्त्यावर, तिच्या टायरच्या दुकानापासून शंभर पावलांवर एक खोलगट जागा आहे. पाणी उतरून जायला कडेला ठेवलेली तोंडं गाळानं आणि गवतानं बुजलेली. मोठा पाऊस झाला की तिथं बोटभर पाणी साचतं. लांबून ते दिसतही नाही, नुसता रस्ता चकाकतो. ज्योत्स्नानं तीन अर्ज दिले होते आणि तिन्ही वेळा ‘पाहणी करू’ एवढंच उत्तर मिळालं होतं. पाहणी करणाऱ्यांचे डोळे कुठं गहाण पडले होते कोण जाणे. म्हणून ती डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन स्वतःच गाळ उपसत होती.

पांढरी पिकअप नव्वदच्या वेगानं आली, पाण्यावर चढली आणि फरशीवर भिरकावलेल्या थाळीसारखी गरकन फिरली. ज्योत्स्नानं कडेच्या चरात उडी मारली. दीड गिरकी घेऊन, तोंड परत जालन्याकडे करून, पिकअप तिच्यापासून दोन हातांवर थांबली. मागून हरभऱ्याच्या बियाण्याचं एक पोतं धपकन रस्त्यावर पडलं.

दार उघडून एक तरुण उतरला. भिजलेले केस कपाळावर, ओठ पांढरेफटक... आणि चक्क हसत होता. घाबरलेली माणसं कधीकधी तशी हसतात, पण तेव्हा ते तिच्या ध्यानात कुठून येणार?

“ब्रेकच लागला न्हाई...” तो म्हणाला.

“ब्रेक लागला. टायरच रस्त्यावर नव्हता,” ज्योत्स्ना म्हणाली. “स्टेअरिंग हलकं लागलं का न्हाई? लोण्यात सुरी फिरवावी तसं?”

त्यानं मान हलवली. हसू हळूहळू ओसरलं.

तिनं गाडी दुकानाच्या शेडखाली लावायला लावली, किल्ली काढून स्वतःच्या मुठीत घेतली आणि फळीवरच्या काडेपेटीतून एक काडी उचलली. टायरच्या खाचेत काडी उभी धरली. काडीचं लाल टोकसुद्धा आत बुडेना. तिनं त्याला बोट धरून दाखवावं तसं सगळं सांगितलं — या खाचा पाणी कापून बाजूला फेकतात. त्या झिजल्या की पाणी टायरखालीच राहतं, गाडी त्यावर तरंगते, आणि तरंगणाऱ्या गाडीला ब्रेक काय करणार, कपाळ? बोलताना तिचा आवाज कापत होता. त्याला वाटलं, थंडीनं.

तो सूरज. एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीची पिकअप चालवायचा, राहणारा कुंभार पिंपळगावचा. पिंपळगाव तासाभरात गाठतो, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्यानं त्या अवस्थेतही सांगून टाकली. बाजेवर बसलेले ज्योत्स्नाचे वडील, तातेराव, हसले. त्यांच्या उशाशी काठी होती.

“पोरीच्या तोंडी लागू नको बाबा,” ते म्हणाले. “किल्ली न्हाई भेटायची.”

किल्ली मिळाली, पण पुढचे दोन्ही टायर नवे बसल्यावर, संध्याकाळी.

त्यानंतर सूरजच्या गाडीची हवा वारंवार कमी होऊ लागली. आठवड्यातून दोनदा तो दुकानापुढं थांबायचा, “जयभीम काका” म्हणून तातेरावांजवळ टेकायचा आणि ज्योत्स्नाकडे बघत हवा तपासायला सांगायचा. इतर गिऱ्हाइकं तिला पाहून ‘मिस्त्री कुठाय?’ असं विचारायची, आणि तिचं टाळकं सटकायचं. यानं कधी विचारलं नाही. तेवढ्यासाठी ती त्याला बसू द्यायची.

“हवा बराबर हाये,” एकदा ती मीटर काढत म्हणाली. “जास्तीची तुमच्या डोक्यात हाये.”

“मंग तिथली कमी करा थोडी,” तो म्हणाला. “मी आलोच त्याच्यासाठी.”

ती हसली नाही. पण पाना शोधायला आत गेली, तेव्हा पाना तिच्या हातातच होता. तातेरावांनी ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सगळं छान चाललं होतं आणि मग त्या बहाद्दरानं माती खाल्ली.

भर पावसातली दुपार. ज्योत्स्ना दारात उभी. पांढरी पिकअप रस्त्यावरून सुसाट गेली, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख उडवत, आणि दुकानासमोर येताच सूरजनं तीनदा हॉर्न वाजवला. तिच्यासाठी. तिला बरं वाटावं म्हणून. ज्योत्स्नाच्या हातातून चहाचा कप सुटला. खोलगट जागा पुढंच होती. पिकअप तिथून पार झाली, मागचे दिवे पावसात दिसेनासे झाले, तरी ती दाराची चौकट धरून उभीच होती.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या ऐटीत आला. ती त्याच्याकडे पाहीना.

“काय झालं? टायर तर नवे हायेत आता. तुम्हीच बसवले.”

“टायर मी बसवले, पाय तुमचा हाये,” ती म्हणाली. “नव्वदनं गेलं की नवा टायरबी तरंगतोय. अन् हॉर्न कुणासाठी वाजवला? माझ्यासाठी? माझ्यासाठी मरू नका. मला न्हाई पाहिजे.”

मग तिनं त्याला बाबांचं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी असाच पाऊस होता. तातेराव जीप घेऊन अंबडहून निघाले होते, फोनवर म्हणाले होते, दहा मिनिटांत येतो. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना टायर विकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या जीपचे टायर गुळगुळीत — दिव्याखाली अंधार, दुसरं काय! त्याच खोलगट जागेत जीप तरंगली. ज्योत्स्ना आणि तिची आई बेबीनंदा भात वाढून वाट पाहत बसल्या. बाबा घरी आले ते तीन महिन्यांनी, दवाखान्यातून, एक पाय आखडून. आणि सगळा गाव म्हणाला, नशीब. तिला त्या शब्दाची तिडीक होती. रस्त्याकडेचं बुजलेलं तोंड म्हणजे नशीब नव्हे, झिजलेला टायर म्हणजे नशीब नव्हे.

“तवा ठरवलं,” ती म्हणाली, “कुणाची वाट पाहायची न्हाई. जमतच न्हाई मला ते.”

सूरजनं फळीवरची काडेपेटी उचलली, खिशात घातली आणि दाराशी थांबून म्हणाला, “रविवारी... आईला घेऊन येऊ का? रीतसर?”

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं. निघालं भलतंच. “अकराला या.”

रविवारी सकाळी साडेनऊला त्याचा निरोप आला — निघालो. तासाभराचा रस्ता, याच्या हिशेबानं साडेदहालाच पोहोचणार, असं म्हणून बेबीनंदानं पोहे भिजवले. आणि पावसानं जणू डाव साधला. असा कोसळला की समोरचं लिंबाचं झाड दिसेना.

साडेदहा झाले. अकरा झाले. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मावशी कांताबाईंनी तोंडाचा पट्टा सुरू केला — हे काय वागणं झालं, पोरीची बाजू म्हणून काय आम्ही ताटकळत बसायचं, असल्या घरात पोर द्यायची म्हणजे... साडेअकराला बेबीनंदानं पोहे पुन्हा परतले. ज्योत्स्ना नव्या साडीत, हातात बांगड्या. आतून ती पेटली होती. त्याच्यावर, पावसावर, स्वतःवर सगळ्यात जास्त. वाट पाहायची नाही म्हणाली होती ना? मग हे काय चाललं होतं?

बाराला ती उठली. कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि पदर खोचून रस्त्याकडे चालू लागली. मावशी ओरडल्या. तातेराव म्हणाले, जाऊ द्या तिला.

त्या खोलगट जागेशी उभी राहून ती गाळ उपसत राहिली. दर गाडीगणिक मान वर व्हायची. ट्रक गेला. कार गेली, तिला कमरेपर्यंत भिजवून गेली. रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही तिला राग येत होता.

मग लांबून दोन पिवळे दिवे लुकलुकताना दिसले. एक जीप येत होती — इतकी हळू की मागचे ट्रकवाले हॉर्न मारून, शिव्या घालून पुढं जात होते. खोलगट जागेशी ती आणखी हळू झाली, माणूस चालतो तशी पाण्यातून आली आणि कडेला थांबली.

आधी उतरली सूरजची आई, प्रभावती, तोंड लालबुंद.

“बैलगाडीनं निघाले असते तर जल्दी आले असते. दोन तास चाळीस मिनिटं! अंबडच्या अलीकडं तर पाऊस कमी व्हईस्तोवर पाऊण तास पंपावर उभे. सोयऱ्यांपुढं काय तोंड दाखवायचं?”

मागोमाग मामा, तेही फुरंगटलेले. भाच्यानं सकाळी अंगणात त्यांच्या जीपच्या टायरात काड्या घालून पाहिल्या होत्या, आख्ख्या गल्लीसमोर.

सूरज शेवटी उतरला.

“फोन का उचलला न्हाई?” ज्योत्स्नानं विचारलं. फावडं अजून तिच्या हातात होतं.

“चालवून राह्यलो होतो.”

“पंपावर?”

“तिथं बंद पडला... चार्जच न्हाई केल्ता.” तो तिच्यासमोर भिजत उभा राहिला. “मामाच्या जीपचे मागचे दोन टायर काडीला पास झाले न्हाईत. मंग काटा तीसच्या वर जाऊ दिला न्हाई. रस्ताभर आई बोलली, मामा बोलले. म्हटलं बोलू द्या. मला पोहोचायचं होतं... तुमच्यापर्यंत. सगळाच्या सगळा.”

तेवढ्यात मावशीही छत्री घेऊन येऊन पोहोचल्या आणि म्हणाल्या, एवढा उशीर करणाऱ्यांनी आधी माफी मागावी, मग पुढची बोलणी.

“माफी नको,” ज्योत्स्ना म्हणाली. “हा उशीर झाला म्हणूनच माझा होकार हाये.”

प्रभावती तिच्याकडे पाहतच राहिली. चिखलानं भरलेली साडी, हातात फावडं, डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा असा की आत्ता भांडेल. लेक कुणाला भिऊन रांगत आला, ते तिला तिथंच उमगलं. “चल माय, घरात चल,” ती म्हणाली आणि ज्योत्स्नाच्या डोक्यावर आपला पदर धरला.

मोठी माणसं पुढं गेली. सूरजनं ज्योत्स्नाच्या हातातलं फावडं घेतलं.

“पुढच्या टायमाला जल्दी येऊ?” त्यानं हळूच विचारलं.

“खबरदार. उशीरच करायचा.” ती अजून रागातच होती. चार पावलं चालून ती थांबली. “फक्त फोन चार्ज करत जा... मी वाट पाहीन.”