कारामानची पाचवी लस

रुमेन पोस्टमननं पोटरीवरची पट्टी सोडून दाखवली. चार दातांच्या खुणा, कडा निळसर.

"बघा डॉक्टरीणबाई. तोत्काआजीचं पत्र द्यायला गेलो, आणि हा प्रसाद मिळाला!"

रेबीजची पहिली सुई त्यानं मोठ्या दवाखान्यात घेतली होती. गुरांची डॉक्टर रालित्सा त्याचा चावल्याच्या तक्रारीचा अर्ज वाचत होती.

"इथं तर तू 'कुत्रा' लिहिलंयस. मग कारामान अर्धा रानातला आहे, असं गावभर कशाला सांगत फिरतोस?"

"आहेच तो! आजीची कुत्री रानात पळाली आणि पोटुशी होऊनच परतली."

"मग लिही ना, लांडगा."

रुमेननं घाईघाईनं छातीवर क्रुसाची खूण केली. "हळू, बाई! नोव्हेंबरातले त्यांचे दिवस चाललेत. नाव घ्यायचं नाही, कात्री उघडायची नाही, नाहीतर त्यांचा जबडा उघडतो. घरी चाळीस मेंढ्या आहेत माझ्या!"

रालित्साला हसू आलं, पण क्षणभरच. कुत्रा असेल आणि लस टोचलेली असेल, तर दहा दिवस बांधून नजर ठेवायची. लांडग्याचं रक्त असेल, तर टोचलेली लस कायद्यात धरली जात नाही. जनावर मारायचं, डोकं तपासायला पाठवायचं. अहवालातला जातीचा रकाना तिनंच भरायचा होता.

आजीचं घर बीचच्या झाडांच्या रानाला लागून होतं. भिंतीवर लाल दोऱ्यानं करकचून बांधलेली कात्री. चुलीपाशी कारामान पसरला होता. लांब पाय, मधासारखे पिवळे डोळे.

आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा साकळला होता. "खोटं लिही म्हणत नाही, पोरी. पण हा गेला तर मला चर्चला कोण नेणार? पाद्रीबाबांचं गाणं संपेपर्यंत उंबऱ्यावर बसून असतो बिचारा."

तिनं लसीची पुस्तिका पुढं केली. चार वर्षांचे चार नोव्हेंबर, चार लेबलं, चार सह्या. जात: कुत्रा.

सह्या रालित्साच्या वडिलांच्या होत्या. शेवटच्या अक्षराची ती वाकडी शेपटी तिनं लहानपणी शंभरदा गिरवली होती. वडील जाऊन सात वर्षं झाली होती. कारामान पाच वर्षांचा होता.

तिनं लेबलांवरचे क्रमांक वाचले. तिच्याच फ्रीजमधला साठा. दर नोव्हेंबरात एक कुपी कमी भरायची. आपलंच मोजण्यात चुकलं, असं ती म्हणायची.

"सुई कोण देतं, आजी?"

"हे काय विचारणं? तुझे वडील. दारात उभे राहतात, चहा नको म्हणतात. तो खालचा सूर धरला की हा आपणहून डावा खांदा पुढं करतो."

वडील तीस वर्षं चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या स्तोत्राखाली एकच सूर धरून उभे राहत, तंबोऱ्यासारखा. जनावराला टोचतानाही तोच.

रालित्सानं रकान्यात 'कुत्रा' लिहिलं. सही करताना तिच्या मनात आलं, ही लस खरंच लागू पडली नसेल तर?

दहा दिवस ती रोज चढण चढली. पाणी गिळतो का, चाल डळमळते का, लाळ गळते का, सगळं पाहिलं. दहाव्या दिवशी दुपारी कारामान भांडंभर पाणी घटाघटा प्यायला. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं.

कुंपणापलीकडून रुमेन ओरडला, "जगला का तो... तो?"

"कुत्रा!"

"बरं, कुत्रा तर कुत्रा!" त्यानं एक मोठं हाडूक आत भिरकावलं आणि लंगडत निघून गेला.

आता पाचवी लस. या वर्षीची ओळ अजून कोरी होती. तिनं स्वतः पाहून घेतलं. सिरिंज काठोकाठ भरली, हवा काढली, सुईला टोपण लावलं आणि कारामानपुढं गुडघे टेकले.

मग हलकेच स्तोत्र गुणगुणू लागली.

कारामाननं डावा खांदा पुढं केला.

तिच्या आवाजाखाली एक सूर लागला. खोल, स्थिर.

आजी असेल.

आजीचे ओठ मिटलेले होते. ती हसत होती.

कारामानचंही तोंड मिटलेलं होतं. तो रालित्साच्या खांद्यामागं बघत होता. शेपटी सावकाश हलत होती.

दवाखान्यातल्या जुन्या साबणाचा वास आला.

ती मागं वळली नाही. डोळे भरून आले, पण ओळ तिनं शेवटपर्यंत गायली. मग खालचा सूरही थांबला.

"झालं की," आजी म्हणाली.

कारामानच्या डाव्या खांद्यावरचे केस दुभंगले होते. मध्ये रक्ताचा एक ताजा थेंब.

रालित्सानं हातातली सिरिंज उन्हाकडं धरली. ती रिकामी होती. सुईवरचं टोपण तसंच होतं.