एर्मिंदा आजींची चौकट

त्या दिवशी मी भाचीकडे लाकडं टाकायला गेलो होतो. चुलीला ओलं लाकूड चालत नाही, हे रोसाल्बाला अजून कळत नाही. नर्स झाली म्हणून काय झालं.

तिचं काम घरूनच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर पाच-सहा चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एकेक दुखणं. आमच्या चिलोएच्या लहान लहान बेटांवरची माणसं फोनवर लिहितात, ही इथून उत्तरं देते. एकाला पोटदुखीचं सांगता सांगता दुसऱ्याचा ताप बघायचा. मला हे कधी पटलं नाही. आजारी माणसाची नाडी धरावी लागते. पण मला विचारतो कोण?

तिच्याकडे एक बटण आहे. ते दाबलं की सगळ्या चौकटींत एकच वाक्य जातं : ‘थांबा, मी आलेच.’ त्याच्या जोरावर ती चूल बघते, चार घास खाते.

आदल्या आठवड्यात तेगुआल बेटावरच्या एर्मिंदा आजींनी लिहिलं होतं, छातीत दाटलंय, हात जड झालाय, दुपारच्या होडीने दवाखान्यात जाऊ का? नेमका तेव्हाच मी ओरडलो, “अगं, शिंपल्यांचं कालवण गार होतंय!” रोसाल्बाने अर्धंच वाचलं, बटण दाबलं आणि जेवायला आली. मी जेवायला हाक मारली, एवढंच. त्यात माझा दोष नाही. तसं मी स्वतःला रोज सांगतो.

ती परत बसली तेव्हा बाकीच्यांनी ‘बाई, बाई’ करून पडदा भरून टाकला होता. आजी मात्र गप्प. आमच्याकडे घरधन्याने थांब म्हटलं की आलेला माणूस पुन्हा हाक मारत नाही. चुलीपाशी बसून राहतो, आणि जा म्हटल्याशिवाय उठत नाही. आजी गप्प म्हणजे बरं वाटत असेल, असं रोसाल्बाने धरलं. चौकट खाली सरकली ती सरकलीच. शेजाऱ्यांना आजी खुर्चीतच सापडल्या. अंगावर शाल, पायात बूट, मांडीवर पिशवी, हातात फोन. होडी केव्हाच गेली होती.

तर मी लाकडं रचत होतो. भर दिवसा असं धुकं, की समोरचा समुद्र नुसता वासाने कळत होता. आत तिची टकटक एकदम थांबली.

“मामा... जरा इकडे या.”

“काय झालं? वीज गेली?”

“आजींची चौकट वर आलीये.”

“कुठल्या आजी?”

मग मला कळलं.

“काय लिहिलंय?”

“‘बाई, मी बसलेय.’”

“एखादं नातवंड फोनशी खेळत असेल.”

“फोन त्यांच्याबरोबर पुरलाय, मामा. मी मातीला गेले होते...”

माझ्या हातातलं लाकूड खाली पडलं. घाबरलो की मला राग येतो. “मग जा म्हण तिला! घरात बसलेल्या माणसाला निरोप द्यायची रीत नाही का तुला?”

तिने लिहिलं, ‘आजी, तुम्ही आता जा. माझं चुकलं.’

उत्तर लगेच आलं. तिने कसंबसं वाचलं, “‘कशी जाऊ? होडी गेली.’”

“मीच थांबवलं त्यांना, मामा. मीच...”

“रडून होडी येते का? माझी आहे ना!”

तोंडातून निघून गेलं. मग काय, स्वतःला शिव्या देत इंजिन चालू केलं.

तेगुआलच्या धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिन बंद केलं. दोराचं पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. वेड्यासारखं वाटत होतं, तरी म्हणालो, “चला, आजी.”

होडी खाली दबली. हळूच, बरोबर मधोमध. होडीची सवय असलेलं माणूस असंच पाय ठेवतं. धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास आला.

मी मागे पाहिलं नाही. वाटभर माझ्या पाठीशी श्वास चालला होता... तुटका... मधेच थांबणारा. “आलंच हं,” मी म्हणत होतो. “थोडंच राहिलं...” इतक्या हळू आवाजात मी आमच्या बायकोशीसुद्धा कधी बोललो नाही.

दवाखान्याच्या धक्क्याला होडी वर उठली. हलकी झाली. मी टोपी काढली.

परत आलो. रोसाल्बा तिथेच बसलेली.

“पोचवलं,” मी म्हणालो. “मिटव ती चौकट आता.”

तिने मान वळवली नाही, नुसतं पडद्याकडे बोट केलं. मला वाचायला वेळ लागतो. अक्षराला अक्षर जोडत वाचलं.

‘डॉक्टर बघून गेले. म्हणाले, त्या दुपारीच आला असतात तर वाचला असतात.’

खाली ते तीन ठिपके हलत होते. आजी अजून काहीतरी लिहीत होत्या.