कपाटावरून पुढे

सिनेमात माणसं चालतात तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्यांची नसतात. नंतर एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कोणीतरी दुसरंच ती वाजवतं. ते कोणीतरी म्हणजे मी. माझं पोट पायांवर चालतं, असं आमचा रेकॉर्डिस्ट म्हणतो.

खोलीत जमिनीवर लाकडी फळ्या, फरशीचा एक तुकडा आणि वाळूची पेटी. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, समोर पडदा. चित्र आधी ठरलेलं असतं, आवाज त्याच्या मागून जायचा. या धंद्याचा नियम म्हणायचा तर एवढाच. कोणी भोसकलं गेलं की मी कोबीत सुरी घालते, हाड मोडलं की गाजर. इतके खून केले, पण हातून मुंगी मेली नाही. सकाळचा जप झाल्याशिवाय मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही, आणि दुपारी कोबी कापायला येते. देवाला हसू येत असेल.

त्या वेळचा सिनेमा भीतीचा होता. एका ओसाड वसतिगृहात पोत्याचा मुखवटा घातलेला माणूस एकेकाला गाठून मारतो. ते काम टीव्हीवर कुस्ती खेळणाऱ्या एका पैलवानाला दिलं होतं. त्याला एकही वाक्य नव्हतं. तो फक्त चालायचा आणि श्वास घ्यायचा. म्हणून माझ्यासाठी मुद्दाम त्याच्या मापाचे बूट आणले होते. आत चिंध्या कोंबल्या तरी माझा पाय त्यात बुडायचा.

याच सिनेमात माझ्या भाचीला पहिलं काम मिळालं होतं. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. सगळ्यांमध्ये तीच एक जिवंत राहते: कपाटात लपते, आणि तो कपाटावरून तसाच पुढे निघून जातो.

"भीती नाही वाटली?" मी तिला विचारलं होतं.

"कसली भीती! प्रत्येक वेळी कपाट लावायच्या आधी पैलवानदादा वाकून विचारायचे, 'बाळ, श्वास घेता येतोय ना?' असला कसला गं खुनी?"

पहिली चूक जिन्यावर झाली. मुखवट्यातला खुनी एका दमात जिना उतरतो, असा प्रसंग होता. जपाची लय माझ्या पायांत मुरलेली आहे. चालता चालता मी पडदा सोडून त्या लयीत गेले आणि मधल्याच पायरीवर थबकले. म्हटलं, गेलं, आता पुन्हा करावं लागणार.

"झकास," काचेपलीकडून आवाज आला.

"अहो, चुकले मी. थांबले मध्येच."

"तोही थांबलाय की. बघा."

त्याने पुन्हा लावून दाखवलं. मुखवटा घातलेला माणूस मधल्या पायरीवर, माझं पाऊल थबकलं तिथेच, थांबला होता.

वयाबरोबर नजर दगा देते. मी मनाची तशी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पैलवान श्वास रेकॉर्ड करायला आला. दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागलं.

"गंमत बघा ताई," तो म्हणाला, "इथे माझ्या श्वासाचे पैसे मिळतात आणि घरी बायको म्हणते, घोरणं बंद करा नाहीतर बाहेर झोपा."

आम्ही हसलो. मग रेकॉर्डिस्टने जिन्याचा प्रसंग लावला. मुखवटा घातलेला माणूस पायरीवर थांबला आणि मान वळवून हळूच मागे पाहू लागला. मान वळवलेली मी काल पाहिली नव्हती.

पैलवान पडद्याजवळ गेला.

"हे कोण आहे?" त्याने विचारलं.

"तुम्हीच की."

"रिंगमधून पडलो तेव्हापासून माझ्या मानेत स्टीलची पट्टी आहे, ताई. मागे बघायचं तर मला खांद्यासकट वळावं लागतं." तो स्वतःच्या मानेवर हात ठेवून उभा होता. "हा मी नाही."

"बदली माणूस घेतला असेल एखाद्या शॉटला," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"माझ्या मापाचा?" पैलवानाने विचारलं. त्या दिवशी त्याचा श्वास काही नीट लागला नाही.

कपाटाचा प्रसंग त्यानंतरच्या दुपारी आला. लांब खोली, भिंतीला कपाट, पलीकडच्या टोकाला उघडं दार. त्याने या टोकाकडून त्या टोकाला जायचं. मी बूट चढवले, मनात नाव घेतलं आणि चालू लागले.

चाल बरोबर बसली होती. मग कपाटाच्या फटीत मला भाचीचा डोळा दिसला.

लेकरू अंधारात कोंडलेलं पाहून मावशीचा पाय जसा अडेल, तसा माझा अडला.

तो कपाटासमोर थांबला.

त्याने मान वळवली. फटीतला डोळा मोठा झाला. घरी आरशासमोर ती घाबरायचा सराव करायची, ते मी पाहिलं होतं. हे तसं नव्हतं.

त्याचा हात कडीकडे गेला.

"असं होतं का यात?" रेकॉर्डिस्ट पुटपुटला.

मला एवढंच समजलं की मी उभी आहे तोवर तोही उभा राहणार. मी पाऊल उचललं. फळी वाजली. हात कडीवरून सुटला. दुसरं पाऊल. तो कपाटावरून पुढे सरकला.

मी चालत राहिले. ओठांवर नाव होतं आणि पाय शिशाचे झाले होते. तो दारापर्यंत गेला, दाराबाहेर पडला. पडद्यावर रिकामं दार उरलं, तरी मी चालतच होते.

"ताई, सीन संपला. थांबा आता."

मी थांबले. काहीच झालं नाही. मी बूट काढून ठेवले.

तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"मावशी, आत्ता जरा डुलकी लागली होती. स्वप्नात मी परत त्या कपाटात. या वेळी तो थांबला गं."

"मग?"

"मग गेला. तू लवकर ये ना."

मी चप्पल अडकवली आणि निघाले. रस्त्यात ऊन होतं, दुकानं उघडी होती, माणसं होती. बरं वाटलं.

आमच्या इमारतीची लिफ्ट चौघांची आहे. मी एकटीच आत शिरले. वजन जास्त झाल्याची घंटा वाजू लागली आणि दार मिटेना. मी बाहेर पाऊल टाकलं. क्षणभराने घंटा थांबली.

बिघडली असेल म्हणून मी जिना धरला.

दुसऱ्या मजल्यावर कठडा हादरताना दिसला. माझा हात कठड्यावर नव्हता.

मागे वळून पाहायचं धैर्य झालं नाही. परत फिरावं तर त्याच्या अंगावरूनच खाली जायचं. आणि वर, आमच्या मजल्यावर, दार उघडून भाची उभी होती.

"आलीस! किती दमलीस गं. थांब, पिशवी दे इकडे."

मी थांबले नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. दारावरून पुढे झाले आणि गच्चीकडचा जिना चढू लागले.

"अगं मावशी, घर इथंय! कुठे चाललीस?"

"आलेच," मी म्हटलं. पाय थांबू दिले नाहीत.

वळणावरून मी खाली पाहिलं. माझ्या मागे यायला ती निघाली होती, पण दोन पायऱ्या चढून पुन्हा खाली उतरली. अंग चोरून, पाठ भिंतीला टेकवून उभी राहिली. अरुंद जिन्यात एखाद्या थोराड माणसाला वाट करून द्यावी तशी.