शालजोडीतला

"पावणं, तुमच्या आधी तुमची पायताणंच बोलायला लागली की!"

भर चप्पलओळीत माझ्या तोंडून निघून गेलं. तो नवीकोरी पायताणं घालून दुकानापुढं चालून बघत होता आणि करकर, करकर... सगळी गल्ली वळून पाहत होती.

"तेल पाजलं की गप हुतील," दुकानदार गुंडू म्हणाला.

पावण्यानं माझ्याकडं पाहिलं. "ह्यांचं ठीक आहे हो. तुम्हाला काय पाजायचं?"

माझे कान तापले. तरी हटेन ती मीनाक्षी कसली! "हे तर उघडंच मारलंत. शालजोडीतला द्यायला शिका."

"शालजोडीतला... म्हणजे?"

"पुन्हा भेटलात तर सांगेन," म्हणून मी निघाले. वळून पाहिलं नाही. म्हणजे — एकदाच पाहिलं.

ते बावन्न साल. माझ्या जिभेपायी दोन स्थळं मोडली होती. रविवारी तिसरं यायचं होतं, कागलच्या शाळेतल्या मास्तरांचं. "मीने, तोंडातून शब्द काढशील तर बघ!" आईनं दम भरला. दादांचा उतरलेला चेहरा पाहून मी कबूल झाले.

रविवारी पोह्यांच्या बशा घेऊन आत उभी होते, तोच ओसरीवर आवाज आला. करकर. करकर. मी बशा सांभाळत दाराआडून डोकावले. तोच! आता मात्र हे स्थळ मोडायला नको होतं... मलाच.

त्याच्या आत्याबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "पोहे छान झालेत हो! वर्णाचं काय, हाताला चव असली म्हणजे झालं."

मी जीभ आवरली. दादांनी मान खाली घातली.

"एक विचारू?" तो अगदी साळसूदपणे म्हणाला. "शालजोडीतला म्हणजे काय, तेवढं सांगायचं राहिलंय."

आई डोळे वटारत होती. तो वाट पाहत होता. मी मान वर केली.

"उंची शालजोडीत जोडा गुंडाळायचा आणि हाणायचा. बघणाऱ्याला नुसती शाल दिसते, वळ ज्याचा त्याला कळतो. त्यावरनं शब्द आला म्हणतात." मी आत्याबाईंकडं वळले. "आत्याबाईंनी आत्ताच एक दिला. शाल फार सुरेख होती."

आईनं कपाळाला हात लावला. आणि आत्याबाई — पदरानं डोळे पुसत खदखदून हसल्या!

"नृसिंहा, तू हिला नेली नाहीस तर मीच घेऊन जाते बघ!"

"मी चप्पलओळीतच ठरवलं होतं, आत्या."

दादांना आधी कळेचना, मग तेही हसू लागले. मंडळी निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेले.

"अजून तेल नाही पाजलंत?"

"नाही पाजणार. मला बोलणारीच आवडतात."

"मग जपून चाला. सगळ्या गल्लीला कळेल."

"कळू दे की!" तो म्हणाला, आणि मुद्दाम पाय आपटत, भर रस्त्यानं, करकर वाजवत गेला.