वहीत नोंद नसलेला पाहुणा

"काका, माउसवरचा हात काढा! पुसू नका ती फाइल," शंका एवढ्या जोरात म्हणाली, की काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करत बसलेली आत्या वाचता वाचता थांबली.

तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण ऊठसूट शंका काढते म्हणून घरात सगळे तिला शंकाच म्हणत. तिचा धाकटा भाऊ गडबड. त्याचं नाव कसं पडलं हे सांगायला नकोच. सुट्टीत दोघं आत्याकडे आली होती. आत्या आणि काका दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ती ध्वनिमुद्रित करत. अकरा वर्षांची पुस्तकं एकाच संगणकात होती आणि तो संगणक तीन दिवस गोगलगायीसारखा चालत होता.

आत काय चाललंय ते गडबडने चालू प्रोग्रॅमची यादी उघडून पाहिलं, तर एक अनोळखी फाइल संगणकाची निम्मी ताकद खात होती. तिच्या नावात 'सिस्टिम' असा भारदस्त शब्द होता. काकांचं मत झालं, ओळखीची नाही ना, मग हाकला! पण गेल्या वर्षी त्यांनी अशीच एक फाइल हाकलली होती, ती संगणकाचीच गरजेची फाइल निघाली, आणि संगणकाने दोन दिवस डोळे उघडले नव्हते. आत्या ते विसरली नव्हती.

फोनवर दुरुस्तीवाल्यांनी सोपा उपाय सांगितला. पाचला येतो, सगळं पुसतो, नव्याने भरतो! आत्याचा चेहरा उतरला. कपाटातली जादा प्रत सात महिन्यांपूर्वीची होती. पलीकडच्या गल्लीतल्या दीदीचं इतिहासाचं पुस्तक गेल्याच महिन्यात ध्वनिमुद्रित झालं होतं. दीदीला दिसत नसे, तिचा अभ्यास सगळा कानांवर चाले. तिची परीक्षा परवावर आली होती आणि शेवटचे सहा धडे न्यायला ती पाचलाच येणार होती.

नवी पुस्तकं तरी उतरवून घ्यावीत म्हणून काका लगबगीने प्रतीची डिस्क जोडायला निघाले. शंका आडवी आली.

"आत चोर असेल तर तिजोरी उघडून त्याच्यापुढे धरायची का?"

काका डिस्क हातात घेऊन तसेच उभे राहिले. शंकाने आधी इंटरनेटची वायर काढली. मग म्हणाली, अनोळखी माणसाला आपण जे विचारतो तेच हिला विचारू. राहतेस कुठे, आलीस कधी, ओळख कोण देतो?

गडबडने पत्ता काढला. त्या नावाची एक फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये होती, ती बनवणाऱ्या कंपनीच्या डिजिटल सहीसकट. पण ताकद खाणारी फाइल ती नव्हतीच! ही दुसरी, त्याच नावाची, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये दडून बसली होती आणि तिच्यावर कुणाचीच सही नव्हती. आली होती मंगळवारी, अकरा वीसला.

शंकाने लगेच पाहुण्यांची वही ओढली. संगणकात जे काही शिरेल, मग तो पेन ड्राइव्ह असो की नवा प्रोग्रॅम, त्याची नोंद या वहीत करायची असा आत्याचा कडक नियम होता. मंगळवारचं पान कोरं होतं. फक्त ध्वनिमुद्रणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अकरा ते बारा, काका'.

काकांचे कान लाल झाले. ध्वनिमुद्रणात त्यांचा खोकला फार येई. तो काढून टाकणारा एक फुकटचा प्रोग्रॅम त्यांनी इंटरनेटवरून उतरवला होता. आत्याला चकित करायचं म्हणून नोंद केली नव्हती.

"म्हणजे हीच लबाड!" गडबड ओरडला.

"संशय पक्का झाला, पुरावा नाही," शंका म्हणाली.

प्रत्येक फाइलचा एक ठसा असतो, चौसष्ट अक्षरांचा आणि आकड्यांचा. तो काढायची आज्ञा गडबड शाळेच्या संगणक मंडळात शिकला होता. ठसा कागदावर उतरवून त्यांनी आत्याच्या फोनवर, जिथे अनेक अँटिव्हायरस एकदम तपासतात अशा संकेतस्थळावर टाकला. उत्तर आलं, 'नोंद नाही'.

काकांना केवढं हायसं वाटलं! पण नोंद नाही याचा अर्थ निर्दोष असा नव्हे, हे शंकाला ठाऊक होतं. शिवाय कागदावर उतरवणारा गडबड होता. घड्याळात साडेचार वाजले होते.

मग आत्या पुढे सरसावली. या घरात पुस्तक तपासायची एक रीत होती. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. आत्या पडद्यावरून एकेक अक्षर वाचू लागली आणि शंकाचं बोट कागदावर सरकू लागलं. एकेचाळिसाव्या ठिकाणी ते थबकलं. दोन आकडे उलटसुलट झाले होते!

आता उत्तर लगेच आलं. त्रेपन्न अँटिव्हायरसनी फाइल घातक ठरवली होती, आणि जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर, पेन ड्राइव्हवर ती स्वतःची प्रत सोडते असंही तिथे लिहिलं होतं. काकांनी हातातली डिस्क हळूच कपाटात ठेवली.

पाचला दुरुस्तीवाले आले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी पुसण्याचा बेत सोडला. त्यांनी संगणक स्वतःच्या सुरक्षित डिस्कवरून सुरू केला, लबाड फाइल काढली, सगळं पुन्हा तपासलं आणि इतिहासाचे सहाही धडे सुखरूप बाहेर काढले. मग ते ओशाळून म्हणाले, "पोरांनो, मी न बघताच सगळं पुसणार होतो. तुम्ही आधी बघितलंत. माझ्या दुकानातसुद्धा इतकं नीट कोणी बघत नाही."

दाराशी पांढरी काठी टेकवून दीदी सगळं ऐकत उभी होती. काका तिच्याजवळ गेले आणि खाली मान घालून म्हणाले, की त्यांच्या खोकल्यापायी तिचे धडे जाणार होते.

दीदीला हसू आलं. "काका, तो खोकला काढू नका. तुम्ही पान उलटताना खोकता. मला त्यावरून कळतं, आपण किती पुढे आलो ते."

काकांनी चष्मा पुसला, पाहुण्यांची वही ओढली आणि मंगळवारच्या पानावर अकरा वीसची नोंद सुवाच्य अक्षरात केली. मग वही शंकापुढे सरकवून म्हणाले, "बोट ठेव. मी वाचतो, तू तपास."