काळकाईचा माईक, शाळेची घंटा

“तिथंच थांबा!”

तेजश्री ओरडली आणि खोडापलीकडचा माणूस एक पाय हवेत ठेवून खरोखरच थांबला... बगळ्यासारखा. पाठीवर सॅक, एका हातात तुटलेली चप्पल, तोंडावर निळा मास्क. मास्कच्या वर दोन डोळे – थकलेले, लाल झालेले, पण आत कुठंतरी हसू दाबून धरलेले.

“पाय खाली ठेवला तर चालेल? की त्यालाही पास लागतो?”

करंजकोंडची वेस म्हणजे कशेडीच्या रस्त्यावरून आत वळलेली डांबरी वाट, आणि त्या वाटेवर गावकीने आडवं टाकलेलं ऐनाचं खोड. वीस सालचा मे सरत आला होता. खोडाशी राखणीला पाळीपाळीने माणूस बसायचा. आज भरतची पाळी होती. तो “आलोच गो” म्हणून जेवायला गेला आणि बादलीत साबणाचं पाणी भरायला आलेली तेजश्री अडकून पडली.

“कुठून आलात?”

“मुंबईहून. महाडपर्यंत भाजीचा ट्रक, पुढे...” त्याने चपलेकडे पाहिलं. “पुढे ही. पोलादपूरच्या अलीकडे हिनेही राजीनामा दिला.”

“कुणाचे तुम्ही?”

हा प्रश्न करंजकोंडात नावाआधी विचारतात.

“हैबती आजोबांचा नातू. दीपेश. वरच्या आळीतलं ते कुलूपवालं घर आमचं. आईबाबा मुंबईतच आहेत.”

“हात धुवा.”

त्याने धुतले.

“पुन्हा.”

“पुन्हा? अहो, अशाने हातावरची भाग्यरेषा निघून जाईल.”

“गेली तर बरंच. सध्या फार काही चांगली दिसत नाहीये.”

तो हसला. मास्क हलला, डोळ्यांच्या कडा चुरगळल्या... आणि तेजश्रीने उगाचच बादलीतलं पाणी ढवळलं. बादलीला त्याची काही गरज नव्हती.

*

वाडीत भीती सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नव्हती. ज्यांचा मुलगा मुंबईहून येऊन पोचला होता त्यांची कमी. ज्यांचा यायचा राहिला होता त्यांची त्याहून कमी. आणि ज्यांचं मुंबईत कुणीच नव्हतं, त्यांची सर्वांत जास्त. ते तावातावाने नियम करत. रंगूबाई मास्क कायम लावायची, पण हनुवटीला. कारण मिश्री लावायला तोंड मोकळं लागतं. आणि तेजश्रीचे वडील मुरारी, गावकीचे अध्यक्ष, सकाळपासून टीव्हीसमोर बसत. पडद्यावर चार माणसं एकमेकांवर ओरडायला लागली की पाचवे मुरारी असत.

“अरे, ती काय तुझं ऐकतायत काय?” आजी, चंद्रभागा, आतून विचारायची.

“नाय ऐकत गो, म्हणून तर ओरडतोय!”

मुंबईहून येणाऱ्याने चौदा दिवस शाळेत काढायचे, हा गावकीचा नियम. बाकीचे आपापले दिवस भरून घरी गेले होते. दीपेश शाळेत एकटा उरला. घरी चूल पेटवणारं कुणी नाही, म्हणून त्याचा डबा घरांवर पाळीने ठरला. डबा शाळेच्या अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यावर ठेवायचा, मागे सरायचं, हाक मारायची आणि वळून चालायला लागायचं.

यातलं शेवटचं सोडून तेजश्री सगळं पाळायची.

पाळी रंगूबाईची असो की भरतच्या आईची, डबा नेई तेजश्रीच. रंगूबाईच्या गुडघ्यांची तिला आजवर एवढी काळजी कधी वाटली नव्हती.

आणि सकाळ-संध्याकाळ काळकाईच्या देवळातला माईक तिच्या हातात असायचा. महाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, आवाज खणखणीत. बाबा कागद लिहून देत, ती वाचे : “गावकीतर्फे कळवण्यात येतं की...” खाली नदीपर्यंत आवाज जाई.

एक दिवस कागद संपला, तरी तिने माईक बंद केला नाही.

“तसेच शाळेतल्यांनी डबा घासून परत द्यावा. कालच्या डब्याला भात चिकटलेला होता.”

मग शाळेची घंटा वाजली. वऱ्हांड्याच्या खांबाला टांगलेली पितळी थाळी, मार्चपासून मुकी. एक टोला.

दुसऱ्या दिवशी गडग्यावर डबा आरशासारखा घासलेला होता.

“एक टोला म्हणजे ऐकलं,” शाळेच्या पायरीवरून दीपेशने सांगितलं. मधे अख्खं अंगण होतं. “दोन म्हणजे भाजी आवडली.”

“आणि नाही आवडली तर?”

“तर घंटा कशाला वाजवू? उपाशी राहायचंय का मला?”

मग हे रोजचंच झालं. माईकवरून “शाळेतल्यांनी कोवळ्या उन्हात बसावं” असं जाई, घंटा उत्तर देई. अख्खी वाडी ऐकत होती आणि कुणालाच काही कळत नव्हतं... असं तेजश्रीला वाटायचं. पण जिवाला चैन म्हणून नव्हती. पुस्तक उघडलं की त्याच पानावर संध्याकाळ व्हायची. नेटवर्कसाठी वळणावरच्या दगडावर चढायची, चढल्यावर कुणाला फोन करायचा होता तेच आठवायचं नाही.

“मुंबईत काय करता?” एकदा तिने विचारलं.

तो जरा घुटमळला. “बातम्यांच्या चॅनेलवर खाली पट्टी धावते ना... ती टाईप करायचो.”

“म्हणजे ते ‘चाकरमानी निघाले गावाला, कोकण धास्तावलं’...”

“त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं,” तो घाईने म्हणाला. “प्रश्नचिन्ह लावलं की काहीही लिहिता येतं.”

“बाबांनी प्रश्नचिन्ह नाही पाहिलं. त्यांनी सरळ ऐन तोडला.”

दोघंही हसले, पण त्याचं हसू लवकर विझलं. “परत नाही जायचंय मला तिथं. बाबा म्हणालेत, वरची जमीन पडून आहे, कसून बघ. पण वाडीने राहू दिलं तर...” आणि मग एकदम, “तुम्ही त्या माईकवरून कधी स्वतःचं काही बोलता का हो?”

“म्हणजे?”

“रोज ‘गावकीतर्फे कळवण्यात येतं’. तेजश्रीतर्फे काय कळवण्यात येतं?”

तिने रिकामा डबा उचलला आणि तरातरा निघाली. उत्तर सापडलं नाही की तेजश्रीला राग यायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी रंगूबाईकडून आलेल्या डब्यात तिने भाकरीसोबत घरी कुटलेला असा ठेचा घातला की आजीने नुसत्या वासाने खिडकी उघडली.

ती गडग्याबाहेरच्या जांभळीच्या बुंध्याआड उभी राहून बघत होती. त्याने पहिला घास घेतला. डोळे विस्फारले. मग खोकल्याची अशी उबळ आली की बिचारा अंगणात वाकून उभा राहिला, गुडघ्यावर हात टेकून... आणि तसाच खोकत, डोळे पुसत घंटेपाशी गेला. दोन टोले.

तेजश्री पदर तोंडात कोंबावा तशी ओढणी कोंबून हसली.

त्याच वेळी खालच्या वाटेने भरत गुरं घेऊन चालला होता. त्याने ठेचा पाहिला नाही, हसू पाहिलं नाही. त्याने फक्त खोकला ऐकला.

*

संध्याकाळी वाडीच्या ग्रुपवर आलं : शाळेतल्याला खोकला. रात्रीपर्यंत ग्रुपवरच त्याला ताप चढला होता. सकाळी मोबाइलवरच्या कुठल्याशा बातम्यांत लाल अक्षरं झळकली : ‘करंजकोंडच्या शाळेत संशयित?’

प्रश्नचिन्ह होतं. नेहमीप्रमाणे कुणी पाहिलं नाही.

गावकी देवळापुढे बसली, एकेका पायरीवर एकेक जण.

“त्याला पोलादपुरास धाडा. सरकार काय ते बघंल.”

“आन् त्याच्याजवळ कोण गेला असंल, तो पण जाऊ दे बरोबर!”

दीपेश अंगणातून ओरडून सांगत होता, ताप नाही, मोजून बघा. पण मोजायला जवळ जाणार कोण?

तेजश्रीला सगळं माहीत होतं. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. पण उघडलं तर पुढचा प्रश्न ठरलेला : तुला कसं ठाऊक? पाळी रंगूबाईची, तू जांभळीखाली काय करत होतीस? अध्यक्षाची पोर, वर्षभर स्थळं बघणं चाललेलं...

बाबांनी कागद हातात दिला आणि बाजूलाच उभे राहिले. तिने वाचलं.

“गावकीतर्फे कळवण्यात येतं की, शाळेतल्या माणसाने, आणि त्याच्या संपर्कात जो कुणी आला असेल त्याने, उद्या दुपारपर्यंत गाव सोडावं.”

माईक हातात धरून ती थांबली. एक टोला... निदान एक. ऐकलं, एवढंच.

घंटा वाजली नाही.

*

उद्याची दुपार वेगळीच उगवली. टीव्ही कालपासून वादळ वादळ करत होता, पण वाडीचं मत असं की वादळ हे समुद्राकाठच्यांचं, आपल्याला काय! आणि मग डोंगराआडून असा आवाज आला की शंभर ट्रक एकदम घाट उतरतायत. लाइट गेली. टॉवर गेला. आंबे झाडांवरून नाही, आडवे येत होते. दुपारी कोण गाव सोडतंय आणि कोण कुणाला सोडायला लावतंय! सगळे आपापल्या घरात कौलांखाली देव आठवत बसले.

तेजश्री पडवीत येरझाऱ्या घालत होती. “बस गो एका जागी,” आजी म्हणाली. “वारा तरी दम खातोय मधेमधे, तू नाय!”

तेवढ्यात घंटा वाजली.

एक, दोन, मग मोजता येऊ नये अशी... वेडीवाकडी, थांबायचं नाव नाही. शाळेचे पत्रे! तो बोलावत होता.

“तेजश्री! अगो मागे फिर!” बाबांचा आवाज वाऱ्याने अर्ध्यातच तोडला. ती केव्हाच वाटेला लागली होती. ओढणी गेली, चप्पल गेली. गडग्याशी पोचली तर शाळेला डोकंच नव्हतं. पत्रे खालच्या शेतात पसरले होते. तो आल्यापासून पहिल्यांदा ती गडगा ओलांडून अंगणात शिरली.

“दीपेश!”

खिचडी शिजवायच्या खोलीचं दार किलकिलं झालं. वर स्लॅब असलेली शाळेतली ती एकच खोली. त्याने तिला आत घेतलं आणि स्वतः पटकन मोठ्या टोपाच्या पलीकडे जाऊन भिंतीला चिकटला.

“सहा फूट! लांब राहा...”

“खोलीच सहा फुटांची नाहीये!” ती धापा टाकत होती. “लागलं का कुठं? एवढी घंटा का वाजवत होतात?”

“मी?”

“मग कोण?”

त्याने दाराच्या फटीतून बोट दाखवलं. खांबाला टांगलेली थाळी वाऱ्यावर पिसाटल्यासारखी आपटत होती. जवळपास कुणी नव्हतं.

“मी तर कालपासून हातच लावला नाही तिला,” तो हळूच म्हणाला.

तेजश्रीने स्वतःकडे पाहिलं. भिजलेले केस, चिखलाचे पाय, आणि चेहऱ्यावर... काय होतं ते लपवायला मास्कसुद्धा नव्हता.

“म्हणजे मी वाऱ्याच्या बोलावण्यावर आले.”

“असं वाटतंय खरं.”

“जाते मग.”

“आता कुठं जाता! पत्रे उडतायत.” तो टोपामागून वाकून बघत होता. डोळ्यांच्या कडा पुन्हा चुरगळल्या होत्या. “आणि... उगाच आलात असं मी कुठं म्हटलं?”

बाहेर काहीतरी मोठं कोसळलं. दोघं टोपाच्या दोन बाजूंना ती घंटा ऐकत बसले.

“काल मी वाचायला नको होतं,” ती शेवटी म्हणाली.

“कागद तुमचा नव्हता.”

“आवाज तर माझा होता ना!”

पट्ट्या टाईप करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं.

*

वारा पडला तशी माणसं देवळापुढे जमली; कुणाची कौलं, कुणाचा गोठा, ज्याचं त्याचं गेलेलं सांगत. बाबा तिला शोधत शाळेकडेच धावले होते. ती वाटेत समोरून आली. त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं, मग राग आठवला. पण ती थांबलीच नाही. सरळ देवळाच्या जोत्यावर जाऊन उभी राहिली. माईक मेलेला होता. तिने श्वास ओढून घेतला.

“तेजश्रीतर्फे कळवण्यात येतं!”

सगळ्या माना वळल्या.

“शाळेतल्या माणसाला ताप नाही. खोकला माझ्या ठेच्याचा होता. ठेचा मीच दिला, रंगूबाईने नाही, आणि तो खाताना मी जांभळीखाली उभी राहून बघत होते. रोज बघते.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा चेहरा पडला. “तेजश्री, खाली उतर...”

“आज मी त्यांच्या खोलीत होते. म्हणजे संपर्कात आले. बाबा, कागद तुम्हीच लिहिलात. त्यांना गावाबाहेर धाडणार असाल तर मलाही धाडा. आणि मला वाडीत वेगळं ठेवणार असाल...” तिचा आवाज जरा हलला, “तर त्यांनाही ठेवा. नियम एकच लावा.”

मुरारींनी गावकीकडे पाहिलं. गावकीने जमिनीकडे पाहिलं. टीव्हीतल्या चौघांवर आवाज चढवणारा माणूस या एकटीपुढे खालच्या पट्टीत आला.

“जरा आवाज कमी कर गो,” ते पुटपुटले.

“लाइट गेलीय, मुरारी,” चंद्रभागा म्हणाली. “आता कुठला आवाज कमी करतोस? पोरीला आपली पडवी, पोराला आपला शेतावरचा मांगर. त्याचं छप्पर शाबूत हाय. डबा मी नेऊन ठेवीन. आन् दोन टोले म्हणजे भाजी आवडली, ते अख्ख्या वाडीला पहिल्या दिसापास्न ठाऊक हाय, त्यात लपवायचं काय!”

“आजी!”

“माझी भाजी एकदा पण दोन टोल्यांची झाली नाय हो,” रंगूबाईने हनुवटीवरचा मास्क सारखा करत तक्रार केली, आणि मग सगळेच हसले. भरत सगळ्यात मोठ्याने, कारण त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

तेवढ्यात खालून, उघड्या पडलेल्या शाळेकडून, टोला आला. वाऱ्याचा नव्हता. नीट, जपून, माणसाने दिलेला.

एक.

सगळे कान टवकारून उभे.

दोन.

आणि मग, जरा थांबून, घाबरत घाबरत... तीन.

“तीन?” रंगूबाईने विचारलं. “तीन म्हंजे काय गो?”

तेजश्रीचे कान तापले. बाबा तिच्याकडे बघत होते, अख्खी वाडी बघत होती.

“ते...” ती म्हणाली, “ते अजून ठरलेलं नाही.”

आणि जोत्यावरून उतरून, जमेल तेवढी हळू, ती पडवीकडे चालू लागली.