मागचा हात

दार ओढून घ्या, पोरांनो, अन् मधे बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. शेजारच्या यशोदाबाईचा जयराम, त्यानं स्वतः आपल्या ओट्यावर बसून सांगितलेली.

सन अठ्ठ्याहत्तर. पौषातली अमावास्या. जयराम फौजेत टेहळणीच्या तुकडीत होता. लढणारे मागून यायचे. ह्यांनी आधी जायचं, शत्रूच्या तोफा कुठं मांडल्यात ते बघायचं अन् गोळी न झाडता, कोणाला न दिसता परतायचं. त्याचीच शिकवणी चालायची. अंगावर मुंगळे चढले तरी हलायचं नाही, खोकला आला तर गिळायचा.

त्या रात्री त्र्यंबकच्या अलीकडच्या डोंगरात सराव होता. तिघंच निघाले. पुढं जयराम, मधे सावळीराम, शेवटी कोंडाजी. कोंडाजी म्हणजे जयरामच्या बायकोचा, भागीबाईचा पाठचा भाऊ. "तेवढ्या एका भावाला जपा," म्हणून तिनं नवऱ्याचा हात धरलेला. म्हणून जयरामनं त्याला मागं ठेवला. गाठ पडलीच तर पुढच्याशी पडेल, मागचा निसटेल.

"दाजी, आमच्या घरी जिलबी खायला येता तवा नाय असं दबकत येत!" कोंडाजी हसला.

"गप. आता तोंड उघडायचं नाय. मागं वळायचं नाय."

मग सगळे आहेत हे कळायचं कसं? तर थांबलं की शेवटच्यानं पुढच्याचा खांदा दाबायचा, त्यानं त्याच्या पुढच्याचा. जयरामच्या खांद्याला हात लागला की निघायचं.

सरावासाठी मांडलेल्या तोफा बघून झाल्या. परतीला कड्याच्या कडेची वाट, एका माणसापुरती. काळोख असा की स्वतःचा तळवा दिसेना. तेवढ्यात मागून, खालच्या घळीतून हाक आली.

"दाजी... पडलो... थांबा ना..."

जयराम थिजला. खांद्यावर हात पडला. म्हणजे कोंडाजी मागं आहे. मग हाक कोणाची?

नियम मोडून तो कुजबुजला, "सावळ्या, कोंड्या हाय ना?"

"हाय की. दाबतोय ना खांदा. अवसेची हाक हाय ती... ओ देऊ नको."

निघाले.

"दाजी... पाय मोडला..."

थांबला. हात पडला.

"दाजी..."

हात.

मग हाक आलीच नाही.

डोंगर उतरता उतरता उजाडलं. जयराम वळला. सावळीराम होता. त्याच्या मागं... नुसती वाट.

"आत्ता... आत्ता दाबला त्यानं..." सावळीराम आपला खांदा चाचपत राहिला.

जयराम आल्या वाटेनं धावत सुटला. "कोंड्या! ओ दे रं! कोंड्या!" डोंगर दणाणला. ओ आली नाही.

घळीत सापडला. पाय मोडलेला. नखांत माती, वर चढायला बघत होता पोरगा. अंग अजून कोमट होतं.

जयरामनं त्याला पाठीवर घ्यायला उचलला, तसा सदरा सरकला. खांद्यावर बोटं उठलेली होती. पाची. काळीनिळी. मागून दाबल्यासारखी.

अन् कोंडाजी तर शेवटचा होता...